नीलहून पुढे, एकटीने

बेटावरून कधी निघायचं हे फारसं आपल्या हातात नसतं. बोट ठरवते, वारा ठरवतो, जेट्टीवरचा कारकून ठरवतो. गावाहून निघताना म्हणता येतं, ही गाडी जाऊ दे, पुढच्या एसटीने जाऊ. बेटावर दुपारची बोट गेली की उद्याचीच. त्यामुळे तिकीट हातात पडलं की मनाने आपण निघालेलेच असतो. पुढचं जेवण, पुढचं समुद्रात डुंबणं, पुढचा सूर्यास्त, सगळ्याला ‘शेवटचा’ हे विशेषण लागत जातं आणि समोर चाललेलं सुख चालू असतानाच आठवणीत जमा व्हायला लागतं.

आमचं बेट अंदमानातलं नील. सरकारी कागदावर आता ते शहीद द्वीप आहे. 30 डिसेंबर 1943 रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला 75 वर्षं झाली तेव्हा 2018 मध्ये नीलला हे नाव मिळालं आणि शेजारचं हॅवलॉक स्वराज द्वीप झालं. बेट एवढंसं, की भाड्याच्या सायकलवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तासाभरात पोहोचावं. गावांची नावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, रामनगर. आणि मधे नील केंद्र नावाचा बाजार. पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या कुटुंबांना सरकारने साठच्या दशकात इथे जमिनी दिल्या. त्यांनी जंगल साफ केलं, भातखाचरं केली, नारळी-पोफळी लावल्या, भाजीचे वाफे घातले. आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जी भाजी दिसते तिच्यातली बरीचशी नीलची. बोटीवर प्रवाशांच्या चाकाच्या बॅगांना खेटून काकड्या-वांग्यांची पोती चढतात, तेव्हा बरं वाटतं. कळतं, की हे बेट आपल्या सुट्टीसाठी केलेलं नाही, इथे माणसं पोट भरतात.

इथला सूर्य पुण्यापेक्षा साधारण सव्वा तास पुढे, आणि घड्याळ मात्र तेच. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो, सहाला चांगली रात्र होते. पहाट तशीच लवकर. आपण आठ वाजता डोळे चोळत उठलो तर सकाळ संपलेली असते. हे एकदा अंगवळणी पडलं की दिवसाला वेगळीच लय येते. सीतापूरला उगवता सूर्य, दुपारी झाडाखाली पुस्तक, ओहोटी असेल तर लक्ष्मणपूरच्या खडकाळ किनाऱ्यावर, आणि अंधार पडला की जेवण. रात्री नऊला आम्ही झोपलेले असायचो. ताई म्हणाली होती, लग्न झाल्यापासून इतकी झोप मिळाली नाही. ते शब्दशः खरं होतं.

ताई, भावोजी, भाची आणि मी, असे आम्ही चौघं. त्यांची सुट्टी इथे संपत होती. पोर्ट ब्लेअरहून चेन्नईमार्गे ते पुण्याला जाणार होते. मी पुढे उत्तर अंदमानात डिगलीपूरला जाणार होते, एकटी. हे घरून निघतानाच ठरलं होतं. डिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. मी कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिली आहेत, तेव्हापासून मला त्यांची आई पाहायची आहे. रात्रीच्या अंधारात ती एवढं जड शरीर ओढत वर येते, खड्डा करते, अंडी घालते आणि पिल्लांची वाट न पाहता परत जाते. एवढ्या एका गोष्टीसाठी मला पुढे जायचं होतं.

निघायची वेळ जवळ आली तशी ताईची कुरकुर सुरू झाली. “अगं, आमच्याबरोबर घरी चल. कासवं काय वेळासला येत नाहीत?” मी हसून सोडून दिलं. मग ती दुसऱ्या बाजूने आली. “बरं, जायचं नाही तर इथेच राहा चार दिवस. माणसं ओळखीची झालीत, खोली चांगली आहे. एकटीच राहायचं तर इथे राहा.” हे मात्र मला लागू पडलं. कारण मलाही नेमकं तेच वाटत होतं. मी मनात म्हणत होते, या बेटावर माझा जीव जडला आहे, इतक्यात सोडवत नाही.

मग मी स्वतःलाच विचारलं: हे राहावंसं वाटणं, त्यात नीलवरचं प्रेम किती आणि डिगलीपूरची धास्ती किती? प्रामाणिकपणे पाहिलं तर मला नीलवर आणखी काही करायचं राहिलं नव्हतं. मन भरलं होतं. मला नको होतं ते पुढचं: अनोळखी बंदर, अंधारात शोधायचं मुक्कामाचं ठिकाण, जेवताना समोर रिकामी खुर्ची, आजारी पडले तर काय. धास्ती सहसा स्वतःच्या नावाने येत नाही. ती प्रेमाचं नाव घेते, कर्तव्याचं घेते, तब्येतीचं घेते. आवडत्या जागेवरून निघताना तर तिला लपायला आयती जागा मिळते, कारण निघण्याचं दुःख खरंच असतं आणि ते बोलून दाखवायला कुणाला लाज वाटत नाही.

ही दोन दुःखं वेगळी करायला मला एकच उपाय सापडला. ज्याची धास्ती आहे त्याची कामं करून बघायची. तयारी झाल्यावर जे उरेल ते बेटावरचं प्रेम.

तयारीला बसले तेव्हा आमच्या चौघांच्या सुट्टीची वीण दिसायला लागली. सोबतीने फिरताना कामं आपोआप वाटली जातात आणि आपल्याला कळतही नाही की आपण किती गोष्टींपासून मोकळे आहोत. औषधं आणि रोख पैसे ताईकडे. बोटी, वेळा, भरती-ओहोटी भावोजींकडे. फोन, नकाशे, खोल्यांचं बुकिंग भाचीकडे. माझ्याकडे सगळ्यांच्या आधी उठून चहा सांगणं आणि लोकांशी गप्पा मारणं. आता हे सगळं एका माणसात बसवायचं होतं.

भावोजींकडून मी ओहोटी शिकले. ते गुहागरचे. लहानपणी त्यांच्या आजोबांनी शिकवलेला हिशेब त्यांना अजून तोंडपाठ आहे: तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, की कोकण किनाऱ्यावरची भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती. “पण हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा,” ते म्हणाले, “इथे आणून चालणार नाही. प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी असते. नव्या किनाऱ्यावर गेलीस की पहिल्या दिवशी तिथल्या माणसाला विचारायचं, आज ओहोटी किती वाजता. मग पुढचं तू काढू शकतेस.” दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशीर, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो. एवढं सगळीकडे सारखं. लक्ष्मणपूरला प्रवाळखडकाची नैसर्गिक कमान आहे, ती ओहोटीलाच गाठता येते. पाणी मागे सरलं की खडकांतल्या डबक्यांमधून समुद्रकाकड्या, तारामासे, निळ्या-जांभळ्या ओठांचे मोठे शिंपले दिसतात. शेवटच्या सकाळी भावोजींनी मला वेळ काढायला लावली, स्वतः काही सांगितलं नाही, आणि आम्ही दोघं माझ्या हिशेबाने निघालो. कमानीखाली पोहोचलो तेव्हा पाणी घोट्याच्या खाली होतं. ते काही बोलले नाहीत. एका डबक्याशी उकिडवे बसून बराच वेळ आत बघत राहिले. पाण्यात एक तारामासा होता. एक हात अर्धवट तुटलेला, आणि त्याच जागी नवा हात कोंभासारखा फुटत होता. डिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ नावाची दोन बेटं आहेत, त्यांना जोडणारी वाळूची पट्टी ओहोटीलाच उघडी पडते. तिथे माझ्यासोबत भावोजी नसतील, त्यांचा हिशेब असेल.

ताईने औषधांची पुरचुंडी अर्धी करून दिली. प्रत्येक पट्टीवर तिने पेनाने लिहिलं: ताप, पोट, किडा चावला तर, बोट लागली तर. शेवटच्यापुढे कंसात, “चढायच्या अर्धा तास आधी, नंतर घेऊन उपयोग नाही.” तिची कुरकुर तिथे थांबली होती. लिहिताना ती मला पाठवायला तयार झाली, हे मी तिच्या अक्षरात पाहिलं.

आणि भाची. तिने सगळ्यात शहाणपणाची गोष्ट सांगितली. चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली तेव्हापासून अंदमानचं इंटरनेट पुष्कळ सुधारलं, पण पोर्ट ब्लेअर सोडलं की नेटवर्कचा भरवसा नाही. तिने नकाशे फोनमध्ये उतरवून दिले, महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून दिले, रोख पैसे दोन ठिकाणी ठेवायला लावले. मग म्हणाली, “मावशी, एक ठरवू या. नेटवर्क गेलं म्हणून तू घाबरायचं नाही, आणि तुझा फोन लागला नाही म्हणून आम्ही घाबरायचं नाही. तू पोहोचलीस की दुसऱ्या रात्रीपर्यंत केव्हाही एक निरोप. तोपर्यंत आई कितीही म्हणाली तरी मी कुणाला फोन करणार नाही.” घरच्यांची काळजी हे एकट्या प्रवाशाच्या पाठीवरचं सगळ्यात जड ओझं असतं. भाचीने ते निघायच्या आधीच वाटून घेतलं. एकटं जाणाऱ्याची निम्मी तयारी मागे राहणाऱ्यांनी करायची असते, असं मला आता ठामपणे वाटतं.

बेटावरून बरोबर काय न्यायचं, हा प्रश्न लवकर सुटला. काही नाही. भाचीने किनाऱ्यावरून प्रवाळाचे पांढरे तुकडे आणि शंख गोळा केले होते. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मेलेला तुकडा असला तरी विमानतळावर काढून घेतात. पण कायदा सांगायची वेळच आली नाही. तिने पिशवी वाळूत उलटी केली तेव्हा त्यातला एक रिकामा वाटलेला शंख हलला, त्यातून बारीक पाय निघाले आणि तो सरळ पाण्याच्या दिशेने चालायला लागला. शंखात राहणारा खेकडा. बाकीचे रिकामे शंखही असल्याच कुणाची तरी पुढची घरं होती. भाचीने ते एकेक करून भरतीच्या रेषेजवळ मांडून ठेवले.

आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या आजी आम्हाला निरोप द्यायला अंगणापर्यंत आल्या. त्या लहान असताना आईवडिलांबरोबर पूर्व बंगाल सोडून आल्या, आधी मुख्य भूमीवरच्या छावणीत, मग जहाजाने इथे. त्यांनी मला मुडी, म्हणजे कुरमुरे, आणि केळी बांधून दिली आणि त्यांच्या बंगाली वळणाच्या हिंदीत एवढंच विचारलं, पुढे तुला उतरवून घ्यायला कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. त्यांनी मान हलवली आणि आणखी दोन केळी पिशवीत टाकली. ज्यांना घरदार, नदी, शेत सोडून यावं लागलं आणि परतीचं तिकीट कधीच नव्हतं, त्यांच्यासमोर मी माझ्या सुट्टीच्या निरोपाचं दुःख मोठं करू शकले नाही. तसं कुणी मागितलंही नव्हतं. पण निघणं कसं असतं हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असलेलं माणूस त्या अंगणात उभं होतं.

अंदमानात निघण्याचा विचार करताना मराठी माणसाला काळं पाणी आठवल्याशिवाय राहत नाही. मार्च 1858 मध्ये 1857 च्या उठावातले कैदी घेऊन पहिलं जहाज इथे लागलं. 1906 मध्ये सेल्युलर जेल बांधून पूर्ण झालं. सावरकर 1911 ते 1921 इथे होते. आपल्याकडचे बहुतेक प्रवासी आधी त्यांची कोठडी पाहायला येतात, समुद्र नंतर. आम्हीही तसेच आलो. त्या इमारतीची रचना अशी, की एका ओळीच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या ओळीच्या पाठीकडे. कैद्याला समोर कैदी दिसू नये म्हणून. एकटं पाडणं हीच शिक्षा, आणि ती विटांमध्ये बांधून काढलेली. तिथे उभी असताना मी माझ्या पुढच्या प्रवासाला ‘एकटीचा’ म्हणायचं का, असा प्रश्न मला पडला. मला निघायचं तेव्हा निघता येतं, ज्याच्याशी बोलावंसं वाटेल त्याच्याशी बोलता येतं, पुण्यात तीन माणसांना माझा ठावठिकाणा माहीत आहे. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून, पती बरोबर नसताना, याच बंगालच्या उपसागरातून अमेरिकेला निघाल्या. त्यांना आपली बातमी घरी कळवायला आठवडेच्या आठवडे लागणार होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्या धास्तीला तिचं खरं माप मिळतं. ती खोटी ठरत नाही, फक्त लहान होते.

एक निर्णय मात्र मला एकटीलाच घ्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर एकटी नसते तर तो मी घेतला नसता. पोर्ट ब्लेअरहून डिगलीपूरला जायला दोन वाटा आहेत. अंदमान ट्रंक रोडने बस रोज जाते, पहाटे निघून संध्याकाळी पोहोचवते. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या अडवून ताफ्याने सोडतात. मधे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला खायला द्यायचं नाही. जारवा 1997-98 पर्यंत बाहेरच्या जगाशी संबंध टाळून राहिले. त्यानंतर ते रस्त्यावर यायला लागले, आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2002 मध्ये राखीव भागातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता आजही चालू आहे.

डिगलीपूर, मायाबंदर, रंगतच्या माणसांना दवाखान्यासाठी, कोर्टकचेरीसाठी, बाजारासाठी याच रस्त्याने यावं लागतं, त्यांना मी काय बोलणार. पण मी प्रवासी आहे. मला घाई नाही, आणि दुसरी वाट आहे. फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सरकारी जहाज काही ठराविक दिवशी रात्री निघतं आणि सकाळी डिगलीपूरजवळ एरियल बेला लागतं. चौघं असतो तर तारीख जुळली नसती, ताईला बोट लागते, भावोजींच्या पाठीला खुर्ची सोसत नाही, आणि आम्ही निमूटपणे बस धरली असती. कुणाचंच चुकलं नसतं. सोबत असली की सगळ्यांना जमेल ते करायचं असतं, आणि सगळ्यांना जमेल ते पुष्कळदा सगळेच करतात तेच असतं. एकटीला स्वतःच्या मनाला पटेल ते करायला कुणाची अडचण नसते. सोबतीचं सुख मी कमी लेखत नाही. नीलचे दिवस त्या तिघांशिवाय असे झालेच नसते. पण एकटं जाण्यात ही मोकळीक आहे, आणि तिच्यासाठी जहाजाची वाट पाहत दोन दिवस शहरात काढायला लागले तरी चालेल, असं मला वाटलं.

नीलहून बोट सुटली तेव्हा तयारी पुरी झाली होती, आणि तरीही वाईट वाटलं. भरतपूरच्या किनाऱ्याला लागूनच जेट्टी आहे. पाण्याचा तो रंग आपल्या डोळ्यांदेखत मागे जातो. पण आता त्या वाईट वाटण्यात धास्ती नव्हती. ते निव्वळ नीलचं होतं. मी ते तसंच वाटू दिलं.

ताई, भावोजी, भाची आज सकाळच्या विमानाने गेले. शहराचं नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम आहे, धक्क्यावर मात्र सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. मी ओळखपत्र घेऊन फिनिक्स बेच्या खिडकीवर रांगेत उभी राहिले आणि उद्या रात्रीच्या जहाजाचं तिकीट काढलं. बर्थ मिळाला नाही, खुर्ची मिळाली.

अंदमानला येणार असाल आणि उत्तरेकडे जायचा बेत असेल, तर पोहोचल्या दिवशीच या खिडकीवर जाऊन जहाजाच्या तारखा विचारून घ्या. त्या बदलतात, म्हणून बाकीचा बेत त्यांच्याभोवती आखा. रस्ता रोजचा आहे आणि सोयीचा आहे, पण ज्यांच्या जंगलातून तो काढला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जमेल त्यांनी जहाजाने जावं.